धरणीकंपाची कागदोपत्रीं साक्ष

कोयनेचा धरणीकंप 11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे झाला, आणि त्यास महिना लोटण्यापूर्वींच, 7 जानेवारी 1968 च्या 'केसरी'त, श्री. य. न. केळकर यांनीं महाराष्ट्रांतील गेल्या तीनशें वर्षांच्या भूकंपांवर लेख लिहिला. भूकंपमापक यंत्रें आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस आलीं. त्यामागील काळाची साक्ष काढावयाची तर ती कागदांकडूनच. 'ऐतिहासिक शब्दकोशा'च्या कर्त्यास हें कोणी सांगावयास नको होतें.

या लेखाचें पुढें जें झालें तें विचार करण्यासारखें आहे. 1977 सालीं उमेश चंद्र यांनीं दक्षिण द्वीपकल्पांतील भूकंपांवर अमेरिकेंतील एका शास्त्रीय नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आधारांत 'केसरी'च्या या लेखाचा उल्लेख आहे. मराठी वृत्तपत्राचा लेख शास्त्रीय ग्रंथांत प्रमाण म्हणून बसावा ही अभिमानाची गोष्ट खरी, परंतु आमची तक्रार येथूनच सुरू होते. एका यादीवरून दुसरी व दुसरीवरून तिसरी तयार होत जाते, आणि मूळ कागदाचे शब्द वाटेंतच गळतात. पत्र लिहिणारा कोण, तो कोठें होता, त्यानें धक्का स्वतः अनुभवला कीं जासुदाच्या तोंडून ऐकला, हें यादींत राहत नाहीं. राहतें तें साल, गांव, आणि दशांशापर्यंत नेलेले अक्षांश-रेखांश. गांवाच्या नांवाचा असा आंकडा झाला कीं वाचणारास तो भूकंपाचा केंद्रबिंदूच वाटूं लागतो. वास्तविक तें केवळ बातमी जेथून लिहिली गेली तें ठिकाण असूं शकेल!

अशा याद्यांत 1764 सालीं महाबळेश्वरीं झालेल्या भूकंपाची नोंद बहुधा आढळते. तिच्यांतील नुसतें सालच घ्या. त्या इसवी सनाचा आरंभ शके 1685 मध्यें पडतो, चैत्रापासून शके 1686 लागतो; आणि पेशवाईच्या कागदांत ज्या शुहूर सनानें मिति येते तो मृगापासून बदलत असल्यामुळें वर्षाचा पूर्वभाग 'अर्बा सितैन' व उत्तरभाग 'खमस सितैन' होतो. म्हणजे 1764 या एका आंकड्याच्या पोटीं तीन निरनिराळ्या मित्या बसतात. नुसता शक किंवा नुसता सन असलेला कागद हातीं आला, आणि त्यावरून कोणी सरसकट इसवी साल मांडलें, तर एकच धक्का दोन सालीं नोंदला जावयाचा, किंवा दोन धक्क्यांचा एक व्हावयाचा.

दिवसाचेंही तसेंच आहे. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. कोयनेचा धक्का इंग्रजी तारखेनें सोमवारचा, पण पंचांग जाणणाऱ्या जुन्या लेखकानें तो रविवारच्या उत्तररात्रींचाच लिहिला असता. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा धक्का तसाच बुधवारचा ठरला असता. या दोन मोठ्या धक्क्यांपैकीं एकही दिवसाउजेडीं झालेला नाहीं, हें लक्षांत घेतां ही अडचण केवळ पंडिती नव्हे.

आतां कागदांच्या जातीविषयीं. वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'त भूकंपलक्षणाचा स्वतंत्र अध्याय घातला आणि धक्क्याचें फल नक्षत्रावरून व दिवसाच्या प्रहरावरून सांगितलें. भूकंपास उत्पात मानणाऱ्या या दृष्टीचा आम्हांस एक फायदा झाला व एक तोटा. फायदा हा कीं घटका, तिथि, नक्षत्र जपून लिहिण्याची संवय लागली. तोटा हा कीं पडलेल्या भिंतींपेक्षां शुभाशुभाकडे लक्ष अधिक गेलें. बखरींत एखाद्या राजाच्या मृत्यूलगत धरणी कांपली असेल तर तेथें दहादां विचार करावा. बखरकार उत्पात योग्य जागीं आणून ठेवतो. पोवाड्यांत तर तोफांच्या सरबत्तीनेंही धरणीकंप होतो. साहित्याची रीत न ओळखतां शास्त्रज्ञानें तें वाचलें तर फसगत ठरलेली. मुंबईचा 1618 चा प्रसिद्ध भूकंप वस्तुतः समुद्रावरील वादळच असावें, असें मत अलीकडे मांडलें गेलें आहे. अशी गल्लत इंग्रजी साधनांतही होते, केवळ आमच्याच नव्हे. आमच्या मतें सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे खर्चाचा कागद. वाड्याचा बुरूज ढासळला, देवळाचें शिखर सांधलें, गवंड्यास अमुक रुपये दिले, असें लिहिणाऱ्या कारकुनास उत्पाताशीं कर्तव्य नसतें.

यासाठींच बारामती व इंदापूर या परगण्यांकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. महाबळेश्वरापासून बारामती सुमारें 100 किलोमीटर, इंदापूर 145 च्या आसपास. शिवाय इंदापूर हें कोयना आणि किल्लारी यांच्या जवळजवळ मध्यावर आहे. दोहोंचें अंतर दीडशें-पावणेदोनशें किलोमीटरांच्या आंतच. महाबळेश्वरीं धक्का बसला त्याच रात्रीं बारामतीस भांडीं वाजलीं काय, इंदापुरास माळवदाची माती गळली काय, एवढ्या क्षुल्लक तपशिलावर धक्का लहान कीं मोठा हें ठरतें. महाबळेश्वरचा कागद एकटा तें सांगूं शकत नाहीं; दूरच्या गांवचा सांगतो. बारामती हें त्या काळीं आडगांव नव्हतें. बाबूजी नाइकांची सावकारी पेढी तेथें, पेशव्यांशीं त्यांच्या घराची सोयरीक, आणि मोरोपंतांसारखा कवि 1764 सालीं तेथेंच वास्तव्य करून होता. पंतांची लेखणी महाभारतांत गुंतली होती हें मराठी वाङ्मयाचें भाग्य. भूकंपाच्या अभ्यासकानें मात्र नाइकांच्या चोपड्यांकडे वळावें. इंदापूर तालुक्यांत नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूरचें देऊळ आहे, तेथील डागडुजीचे हिशेब हें दुसरें साधन.

मौन हाही पुरावा मानला जातो, आणि तेथेंच खरा धोका आहे. किल्लारीचा प्रदेश 1993 पूर्वीं सरकारी नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. 1992 सालीं तेथें लहान धक्के बसले होते. तरीही दगड-मातीच्या जाड भिंतींवर जड माळवदें तशींच राहिलीं, आणि त्यांच्याखालीं हजारों माणसें निजलेलीं गाडलीं गेलीं. 2002 च्या सुधारलेल्या नकाशांत त्या भागाचा पट्टा बदलला. मग तेरेच्या नदीकांठच्या दरडींतील विस्कटलेल्या थरांवरून फार प्राचीन अशा एका भूकंपाचें अनुमानही निघालें. म्हणजे जमिनीस जें ठाऊक होतें तें कागदास नव्हतें.

तेव्हां इंदापूरकडील कागद गप्प आहेत असें म्हणण्यापूर्वीं ते कशासाठीं लिहिले गेले हें पाहावें. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं 1835-36 च्या सुमारास आपल्या पाहणीची पद्धति याच तालुक्यांत बसविली. त्या कागदांत शेताच्या मातीची खोली व प्रत आहे, घराच्या भिंतीची नाहीं. कुळकर्ण्याच्या दप्तरांत दुष्काळाची सूट सांपडेल, कारण ती सरकारास मागावयाची होती. पडलेली भिंत मात्र रयत आपल्या हातानेंच पुन्हां घालीत असे. तिचा अर्ज कोणाकडेच गेला नाहीं.