छपराची दोन कामे : गांडोच्या शाळेचे एक परीक्षण

मार्च महिन्यात, सकाळची शाळा सुरू होण्याआधी, पत्र्याच्या वर्गात दुपारी शिकवलेल्या शिक्षकांना एक अनुभव नक्कीच परिचयाचा असेल. खिडक्या सताड उघड्या असतात, भिंतीवरचा तापमापक बाहेरच्या सावलीपेक्षा फारसे वेगळे काही दाखवत नसतो, तरीही डोके तापते आणि मुले पेंगू लागतात. तापमापक खोटे सांगत नाही. तो फक्त हवेविषयी सांगतो. मुलांना तापवणारी मुख्य वस्तू मात्र हवा नसून डोक्यावरचा पत्रा असते.

हा फरक लक्षात ठेवून आपण एका गाजलेल्या शाळेकडे पाहू. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांडो नावाचे खेडे आहे. तेथे जन्मलेले दियेबेदो फ्रान्सिस केरे हे गावातून शाळेत गेलेले पहिले मूल. ज्या वर्गात ते शिकले तो उकाड्याने भरलेला होता आणि त्यात शंभराहून अधिक मुले कोंबलेली असत. पुढे जर्मनीत वास्तुशास्त्र शिकत असतानाच त्यांनी आपल्या गावासाठी शाळा योजली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली. २००४ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरे यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झ्कर पुरस्कार मिळाला. या शाळेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले कौतुक आम्हाला मान्य आहे, पण बऱ्याचदा ते चुकीच्या कारणासाठी होते असे आमचे मत आहे.

प्रथम रचना पाहू. एका ओळीत तीन वर्ग आहेत आणि दोन वर्गांच्या मध्ये वरून झाकलेली मोकळी जागा आहे. भिंती दाबून बनवलेल्या मातीच्या विटांच्या असून त्या मातीत थोडे सिमेंट मिसळलेले आहे. वर्गावरचे आतले छतही अशाच विटांचे, पण मध्ये फटी ठेवलेले. त्या छताच्या बरेच वर, साध्या बांधकामाच्या सळया जोडून केलेल्या कैच्यांवर, पन्हाळी पत्र्याचे रुंद छप्पर उचलून धरलेले आहे. ते भिंतींच्या बाहेर बरेच पुढे आलेले असल्याने भिंतींवर ऊनही पडत नाही आणि पाऊसही.

या इमारतीचे खरे मर्म येथे आहे. छपराला दोन कामे असतात. ऊन-पाऊस अडवणे हे एक आणि खोलीला वरून बंद करणे हे दुसरे. आपल्याकडच्या अनेक वर्गांत एकच पत्रा ही दोन्ही कामे करतो. गांडोत ती कामे दोन वेगळ्या थरांना वाटून दिली आहेत. पत्रा छत्रीसारखा तापतो, पण मुलांना तो दिसतच नाही. मुलांच्या डोक्यावर असते ते मातीचे, सावलीतले छत.

याने किती फरक पडतो हे वरच्या वर्गातले विद्यार्थीही मांडू शकतील. प्रारणाने बाहेर पडणारी ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा स्टेफान-बोल्ट्झमन नियम. धूळ आणि गंज चढलेला पत्रा ६५ अंश सेल्सियसला तापला आहे आणि त्वचेचे तापमान ३४ अंश आहे असे समजा. दोन्ही पृष्ठभाग आदर्श काळे मानले, तर दर चौरस मीटरला पत्र्याकडून त्वचेकडे येणारी निव्वळ ऊर्जा सुमारे २३५ वॅट भरते. पत्र्याऐवजी ३६ अंशांचे छत घेतले तर तीच ऊर्जा सुमारे १३ वॅट होते, म्हणजे जवळजवळ अठरापट कमी. प्रत्यक्षात मुलाला छताबरोबर भिंती आणि जमीनही 'दिसत' असल्याने आकडे कमी होतील, पण प्रमाण ध्यानात येण्यास एवढे पुरे.

पत्रा आणि छत यांच्यामधली पोकळीही कामाची आहे. तापलेल्या पत्र्याखालची हवा हलकी होऊन बाहेर निसटते, तिच्या जागी छताच्या फटींतून वर्गातली हवा वर येते आणि खिडक्यांतून ताजी हवा आत शिरते. स्वस्थ बसलेले मूल सुमारे ७५ वॅट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर ४० मुलांचा वर्ग म्हणजे एक किलोवॅटच्या तीन शेगड्या पेटत्या ठेवल्यासारखेच आहे. ती उष्णता वाहून नेणारा मार्ग हवाच.

आता कौतुकाच्या चुकीच्या कारणांकडे वळू. पहिले असे की 'मातीच्या भिंती थंड असतात' हे यशाचे रहस्य सांगितले जाते. माती थंडावा निर्माण करत नाही, ती उष्णतेला उशीर लावते. सुमारे एक फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला साधारण आठ-दहा तास लागतात. दिवसा भरणाऱ्या शाळेला हे सोयीचे, कारण उष्णता आत येते तेव्हा वर्ग रिकामे असतात. पण रात्री खिडक्या बंद ठेवल्या तर ती आतच साठून राहते. शिवाय हा लाभ जेथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो तेथेच मिळतो. विदर्भ-मराठवाड्यातील जुन्या धाब्याच्या घरांना तो मिळत असे. कोकणात पावसाळ्यात दिवस-रात्रीचा फरक थोडाच असतो. तेथे जड भिंतीपेक्षा समोरासमोरच्या खिडक्या, उतरते कौलारू छप्पर आणि पडवी हेच अधिक उपयोगाचे. म्हणून गांडोची नक्कल सर्वत्र करा असे म्हणणे म्हणजे एकाच मापाचा गणवेश साऱ्या शाळेला शिवण्यासारखे आहे.

दुसरे, अशा इमारतीत 'पंख्याचीही गरज नाही' असे सुचवले जाते. येथे मर्यादा ओळखायला हवी. वायुवीजनाने आत येणारी हवा बाहेरच्याच तापमानाची असते. सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा दोन-तीन अंशांचा दिलासा देतो, पण हवा त्वचेहून गरम झाली की वाराच उष्णता आणू लागतो आणि मग सारी भिस्त घामाच्या बाष्पीभवनावर राहते. चाळीस अंशांच्या दुपारी कोणतीही रचना एकटी पुरी पडत नाही. आपली सकाळची शाळा हाही एक हवामानानुकूल उपायच आहे आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या कामातून असे पुढे आले की मोकळ्या हवेच्या इमारतींतील माणसे बऱ्याच अधिक तापमानातही समाधानी असतात, कारण ती जुळवून घेतात. खिडकी उघडतात, जागा बदलतात, कपडे सैल करतात, पाणी पितात. अमेरिकेतील 'ॲश्रे' या संस्थेने २००४ मध्ये हा विचार आपल्या मानकात घेतला आणि भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही त्याला स्थान मिळाले. पण यातली एकतरी गोष्ट वर्गातले मूल स्वतःहून करू शकते का? गणवेश ठरलेला, बाक ठरलेला, पाण्यासाठी परवानगी. गांडोच्या खिडक्यांना हाताने फिरवायच्या झडपा आहेत. त्या कोणी, केव्हा फिरवायच्या हे आराखड्यात लिहिलेले नसते. मानक ज्या स्वातंत्र्यावर उभे आहे ते मुलाला नसेल, तर उत्तम इमारतीतही ते मूल त्रासातच बसेल. इमारतींच्या कौतुकात ही बाजू क्वचितच येते.

ती शिक्षकांच्या हातात आहे. सुरुवात मोजण्यापासून करता येईल. टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून त्यात रंगीत द्रवाच्या तापमापकाचा फुगा मध्यभागी बसवा आणि चेंडूला बाहेरून काळा, चकाकी नसलेला रंग द्या. हा तापमापक आणि एक साधा तापमापक, दोन्ही बाकावर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर शेजारी शेजारी टांगा. पंधरा-वीस मिनिटांनी वाचन घ्या. काळा चेंडू अधिक तापमान दाखवत असेल, तर दोष छपराचा किंवा तापलेल्या भिंतीचा आहे. दोन्ही सारखेच पण चढे असतील, तर हवा, गर्दी आणि वेळापत्रक यांकडे पाहावे लागेल. नोंदी मुलांनीच ठेवाव्यात. कोणता बाक सर्वांत तापतो हे कळले, की दर आठवड्याला जागा बदलण्याचा आणि खिडक्यांचा कारभार मुलांकडे सोपवण्याचा विचार आपोआप पुढे येईल.

नव्या वर्गखोलीचा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीपुढे आला, की त्या नोंदी सोबत न्याव्यात आणि विचारावे : पत्र्याखाली दुसरे छत आहे का? मधल्या पोकळीतली हवा बाहेर जायला वाट आहे का, की शोभेसाठी ती फळ्यांनी बंद केली आहे? आणि खिडकीची कडी पाचवीतल्या मुलाच्या हाताला पोचते का?