रक्त चढवलं म्हणून, की चढवावं लागलं म्हणून?

पीएचडीच्या मुलाखतीत एखाद्या पेपरवर टीका करायला सांगितली की बहुतेक जण 'सँपल लहान आहे' एवढं बोलून थांबतात. आज असा पेपर घेऊ, ज्याचं सँपल मोठं आहे, आकडेमोड नीट आहे, आणि तरी त्याच्या जोरावर मी घरी चुकीचं बोललो.

धनजला आमची मोठी आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या वेळी दोन पिशव्या रक्त चढवलं. त्या बदल्यात बाबांनी रक्त दिलं. पुढे जखमेत पू झाला, मुक्काम लांबला. मी तेव्हा नुकताच हा पेपर वाचला होता. जेवताना सांगून टाकलं, "रक्त चढवल्यानं इन्फेक्शन वाढतं, सिद्ध झालंय." बाबा काही बोलले नाहीत. पण दरवर्षी शिबिरात रक्त देणारे बाबा त्या वर्षी गेले नाहीत.

पेपर 2007 चा, 'सर्क्युलेशन' या नियतकालिकातला. गॅव्हिन मर्फी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या साडेआठ हजारांवर हृदयशस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. लाल पेशी चढवलेल्यांमध्ये संसर्गाची शक्यता तिपटीहून जास्त, आणि पहिल्या 30 दिवसांत मृत्यूचा धोका सहापटीहून जास्त दिसला. रुग्णांमधले बरेच फरक त्यांनी हिशेबात धरले होते.

मग अडलं कुठे? रक्त कोणाला चढवतात, हा प्रश्न आधी विचारा. ज्याचा रक्तस्राव थांबत नाही, ज्याची प्रकृती खालावते, त्याला. म्हणजे ज्या कारणानं पिशवी लागली, त्याच कारणानं माणूस दगावूही शकतो. याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. वय, मधुमेह, आधीचे आजार हे नोंदीत सापडतं, त्यामुळे हिशेबात धरता येतं. पण पहाटे तीन वाजता डॉक्टरला रुग्ण कसा 'वाटला', ते कुठल्याच रकान्यात नसतं. सँपल दसपट केलं तरी ही उणीव भरत नाही. चुकीचं उत्तर फक्त जास्त ठाम दिसायला लागतं.

कौतुक याचं, की मर्फी तिथे थांबले नाहीत. त्यांच्याच नेतृत्वाखाली टायटर-2 ही यादृच्छिक चाचणी झाली, 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयशस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन 9 ग्रॅमच्या खाली गेलेले दोन हजारांवर रुग्ण. एका गटाला लगेच रक्त, दुसऱ्याला 7.5 च्या खाली गेल्यावरच. कोण कुठल्या गटात, ते नशिबावर. गंभीर संसर्ग किंवा इस्केमिक घटना: कमी रक्ताच्या गटात 35.1 टक्के, जास्त रक्ताच्या गटात 33 टक्के. रक्त वाचवून संसर्ग घटला नाही. उलट 90 दिवसांतले मृत्यू कमी रक्ताच्या गटात 4.2 टक्के आणि दुसऱ्यात 2.6 टक्के निघाले.

थांबा, आता उलट्या बाजूला उडी मारू नका. मृत्यू हा तिथला मुख्य निकष नव्हता, आणि फरक जेमतेम सीमारेषेवर होता. मोठ्या आईच्या जवळची चाचणी म्हणजे 2011 ची फोकस: खुब्याच्या ऑपरेशननंतरचे, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले पन्नाशीपुढचे 2016 रुग्ण. 10 ग्रॅमला रक्त द्या किंवा 8 पर्यंत थांबा, 60 दिवसांनंतर मृत्यू किंवा चालता न येणं यात फरक जवळजवळ नाही. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत थांबणं चालतं. पण त्याचं कारण रक्त विष आहे हे नव्हे.

ही चाचणी अमेरिका-कॅनडातली. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. ऑपरेशनआधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्यांना हे आकडे किती लागू पडतात? सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

हे सगळं मी बाबांना समजावलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे माह्या रक्तानं तिले काही झालं नाही ना?"

"बाबा, तुमची पिशवी साठ्यात गेली, कोणाला लागली ते माहीत नाही. मोठ्या आईला पू कशानं झाला, तेही कुठला पेपर सांगू शकत नाही. पण रक्तानंच झाला असं म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता."

पेपर वाचायला शिकण्याआधी मी तो सांगायला शिकलो होतो. तुम्ही उलट क्रमानं शिका.