एवढं हळू का?

लोहा मागे पडलं की नांदेड-लातूर गाडीत जरा शांत होतं. मागच्या दिवाळीत तिथेच मी इअरफोनची एक बाजू आबांच्या कानात घातली. गाणं सॅम कुकचं, ‘अ चेंज इज गॉना कम’. आबांना इंग्रजी येत नाही. अर्धं ऐकून म्हणाले, “कोण मेलंय का गं ह्येच्यात?” म्हटलं, नाही आबा, बदल येणार असं म्हणतोय तो. “मग एवढं हळू का म्हणतोय?”

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही.

गाण्याची कुंडली नेटवर मिळते. बी फ्लॅट मेजर, बारा-आठचा ठेका. आपल्या पेटीवर सांगायचं तर सा काळी पाचचा, आणि मेजर म्हणजे ढोबळमानाने बिलावलचे शुद्ध स्वर. पुस्तकी हिशेबाने हे आनंदाचं घर. बारा-आठ म्हणजे चार संथ ठोके, प्रत्येकाच्या पोटात तीन बारीक. मोठे ठोके मोजले तर गाणं रेंगाळतंय, बारीक मोजले तर तिप्पट वेगात चाललंय. दोन्ही खरं आहे. वरून संथ, आतून सतत हलतं. ओळ मायनर कॉर्डकडे झुकते, आता रडणार असं वाटतं, आणि पुन्हा सा वर येऊन उभी राहते.

ऑक्टोबर १९६३ मध्ये लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टला कुकला हॉटेलात खोली नाकारली. तो तेव्हा स्टार होता, तरी नाकारली. वर अटकही झाली. जानेवारी १९६४ मध्ये त्याने हे गाणं रेकॉर्ड केलं. त्याच डिसेंबरमध्ये गोळी लागून तो गेला. वय ३३. त्यानंतर काही दिवसांनी हे गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं.

आधी मला यातला ऑर्केस्ट्रा खटकायचा. व्हायोलिनांचा ताफा, हॉर्न, टिंपनी, सगळं सिनेमासारखं. अपमानाच्या गाण्याला एवढा थाट कशाला? मग घरातल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला. निळा कोट, टाय. तो कोट कुणी थाट म्हणून बघत नाही. रेने हॉलने केलेलं हे संगीत तसाच कोट आहे. ज्याला दारातून परत पाठवलं, तो पुरता नटून परत आलाय.

आपल्याकडे हीच भावना वेगात येते. नांदेडच्या जयंतीला भीमगीतांवर पाय थांबत नाहीत. गर्दीला चालायचं असतं, म्हणून गाण्यालाही चालावं लागतं. पण तीच गाणी आबा एकटे असले की अगदी हळू म्हणतात, मध्ये थांबत. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. आबांनी त्याच वर्षी गाव सोडलं. विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. येणार हे माहीत असलेल्या गोष्टीची वाट बघण्याचीही एक लय असते, आणि डीजेवर ती बसत नाही. कुकने ती पकडली.

एक तक्रार मात्र आहे. सिंगल काढताना गाण्यातलं एक कडवं कापलं गेलं. सिनेमाला गेलं की इथे घुटमळू नको म्हणून हाकलतात, ते कडवं. भावाकडे मदत मागितली तर पुन्हा गुडघ्यावर आणलं, ते राहिलं. पण तो भाऊ कुणाचाही असू शकतो. थिएटरच्या दारातून हाकललं जाणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ते काढलं की उरतो फक्त मूड. ॲपवाले आजही तेच करतात. माझ्या फोनमध्ये हे गाणं ‘सॅड’ यादीत आपोआप जाऊन बसलं होतं. मी ते तिथून काढलं.

ऐकणार असाल तर सिनेमाचं कडवं असलेलं, सव्वातीन मिनिटांचं पूर्ण गाणं शोधा. आणि पायाने ठेका धरताना ठरवा, मोठे ठोके मोजताय की बारीक.

आबांनी अहमदपूर येईपर्यंत ते तीनदा ऐकलं. हळू का, हे पुन्हा विचारलं नाही.