ओळखा पाहू धंदा!

दिवाळीत फराळाची ताटे उचलली की पत्ते निघायचे, हा आपल्याकडचा रिवाज. गोराईच्या एका कोळी स्नेह्यांकडे मात्र गेल्या खेपेस निराळाच खेळ पाहिला. एकाने जुन्या धंद्याचे नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी तो माणूस काय काम करी ते ओळखायचे. गोराई मुंबईच्या उपनगरांत मोडते खरी. पण बोरिवलीहून निघावे तर आजही खाडी होडीने ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा!

‘पोतनीस’ म्हणताच एक चिरंजीव ओरडले, ‘पोती मोजणारा!’ पोते म्हणजे खजिना, हे आता कुणाला ठाऊक? पोतदार नाणी पारखी, हेही कुणाला सांगता आले नाही. ‘तांडेल’ मात्र पोरासोरांनीही झटकन ओळखला. होडीवर हुकूम कुणाचा चालतो हे त्यांना शिकवावे लागत नाही. खरी मौज पुढेच आहे. मी विचारले, ‘बारा बलुत्यांतला कोळी काय करी?’ सगळे हसले. हा काय प्रश्न झाला? मी म्हटले, ‘तो गावाचे पाणी भरी.’ तशा आजी उसळून म्हणाल्या, ‘अहो, दर्या सोडून कोळी पाणी कशाला वाहील?’

आजींचा हा सवाल त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ ह्या पुस्तकालाही लागू पडतो. १९१५ साली निघालेले हे पुस्तक म्हणजे अशा खेळाचे भांडारच. गुरव, मुलाणा, चौगुला, घडशी, डवरी, तांबोळी! कोण कुणाचे काय करी आणि त्याबद्दल खळ्यावरून काय उचली, ह्याचा असा चोख हिशेब मराठीत दुसरा सापडणे कठीण. भाषा तर अशी ठसठशीत की आजचे अहवाल लिहिणाऱ्यांनी ती समोर ठेवून गिरवावी. पण हे गाव देशावरचे आहे. त्याला समुद्र नाही, मिठागर नाही, माडी काढणारा भंडारी नाही. शिवाय आत्रे सारे गाव पाहतात ते कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून. तिथून गोंधळीही मागणारा आणि डवरीही मागणाराच दिसतो. घामाच्या धान्याला किती हात लागतात, ही त्यांची तळमळ खरी आहे. परंतु रात्रभर गोंधळ घालणाऱ्यानेही काही दिलेच ना?

माझी अडचण मात्र दुसऱ्याच एका शब्दापाशी आहे: ‘तराळ’. गावकीच्या पाळीवरचा हा महार. वेशीची राखण करायची, मयताची खबर परगावी पोचवायची, अंमलदारापुढे धावायचे. आणि मोबदला काय, तर वतनाचा तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकर. पोतनिसाचे नाव ऐकून हसावे तसे ह्या नावाला हसता येत नाही. म्हणून ते खेळातून गाळावे काय? मला तसे वाटत नाही. फक्त ‘काम काय’ ह्या प्रश्नामागून ‘नको म्हणता येत होते काय’ हाही प्रश्न आला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले, ते ह्याच प्रश्नापायी. वतने सुटली ती पुढे, १९५८ च्या कायद्याने.

आणि १९७८ साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले ‘बलुतं’. आत्र्यांच्या पुस्तकात हा शब्द धान्याचा वाटा सांगतो. पवारांच्या पुस्तकात तो जन्मासरशी पदरात पडलेला वाटा सांगतो. घरात मुले वाचती असतील तर ही दोन्ही पुस्तके एकाच फळीवर ठेवावीत. आधी ‘गाव-गाडा’ वाचू द्यावे, कारण त्यातली नावे पाठ झाली की ‘बलुतं’मधली माणसे त्यांना अनोळखी वाटणार नाहीत.