शिळाछाप चित्रातील रंगभूमी आणि अदृश्य नट

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शिळाछाप चित्रांत रंगमंचावरील नट हा आवडता विषय होता. ओनोरे दोमिए (१८०८-१८७९) याने पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या पत्रासाठी नाटकघरातील अनेक दृश्ये रेखाटली. महाराष्ट्रात याच छपाईतंत्राने शकुंतला, दमयंती यांची चित्रे घरोघरी पोहोचली. तंत्र मूलतः एक असूनही नटाला मिळालेले स्थान मात्र भिन्न आहे. या भिन्नतेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोमिएची दृष्टी

दोमिए चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने थेट रेखाटन करीत असे. रंगमंचाच्या पुढच्या कडेवरील दिव्यांचा प्रकाश त्याच्या नटांच्या चेहऱ्यावर खालून पडतो. त्यामुळे आवेशाने वासलेले तोंड व वयस्क शरीर लपत नाही. भूमिका आणि ती करणारा देह यांतील अंतर हाच या चित्रांचा विषय ठरतो. त्यात उपहास आहे. परंतु नटाच्या श्रमाची दखलही आहे.

रविवर्म्यांची शकुंतला

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्याआधीच, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले होते. पायातील काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी रविवर्म्यांची शकुंतला सर्वपरिचित आहे. दुष्यंत चौकटीत नाही. तिच्या दृष्टीनेच तो सूचित होतो. पात्रांची मांडणी, थबकलेला क्षण आणि पडद्यासारखे भासणारे अरण्य यांत रंगभूमीचे संस्कार स्पष्ट जाणवतात. परंतु रंगमंच, दिवे, प्रेक्षक यांपैकी काहीही चित्रात नाही.

त्या काळी किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करीत असत. प्रेक्षकांनी प्रत्यक्षात पाहिलेली शकुंतला हा एक पुरुष होता. चित्रातील शकुंतला मात्र निःसंशय स्त्री आहे. रविवर्म्यांना नाटकाचा प्रयोग चितारायचा नव्हता, हा आक्षेप रास्तच आहे. किंबहुना म्हणूनच संगीत नाटकाच्या विवेचनात ही चित्रे प्रयोगाचा दृश्य पुरावा म्हणून वापरणे सदोष ठरते. त्यांतून त्या काळची सौंदर्यकल्पना कळते. स्त्रीपार्टी नटाची चाल, रंगभूषा वा थकवा कळत नाही.

नाशिकचा दुवा

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. फाळके यांची दृश्यरचना रविवर्म्यांच्या चित्रांशी नाते सांगते; तथापि कॅमेऱ्यापुढे नटाचा देह झाकता येत नाही. सीतेच्या वेषातील साळुंके यांचे पुरुषी शरीर पडद्यावर दिसत राहते. शिळेवरून वगळलेला नट येथे परत येतो.

निष्कर्ष

दोमिएने नट दाखविला, रविवर्म्यांनी पात्र दाखविले. पात्र नटापासून सुटल्यामुळेच हे चित्र सामान्य घराच्या भिंतीवर मानाने विराजमान होऊ शकले, हे त्याचे यश होय. परंतु त्याची किंमत नटाने मोजली. म्हणून मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाने या चित्रांत काय आहे याबरोबरच काय वगळले आहे, हेही तपासणे अगत्याचे आहे.