हेवी मेटल आणि हलगी

आपल्या समीक्षेने शब्दांतला विद्रोह तपासला. वाद्यातला विद्रोह तिने फारसा ऐकलाच नाही. हा आरोप मी आधी स्वतःवर करतो. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात दलित कविता शिकवताना, हलगी ही गुलामीची खूण आहे, ती टाका, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याला कारण होते. गावगाड्यात हलगी हौसेने वाजत नव्हती. दवंडी असो, वरात असो, जत्रा असो की मयत; बोलावणे आले की जायचे, थांब म्हटले की थांबायचे आणि पदरात पडेल ते घेऊन परतायचे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे, शिळे तुकडे मागणे सोडा, असे बजावले. त्या जाणिवेतून पुढे अनेक घरांनी हलगीही खाली ठेवली. माझ्या वडिलांनीही ठेवली. त्यांचा तो नकार मला आजही मोलाचा वाटतो.

एके दिवशी एका विद्यार्थ्याने मोबाईलवर मला ‘हेवी मेटल’ ऐकवले. मी म्हणालो, ‘‘बंद कर हा गोंगाट.’’ तो म्हणाला, ‘‘सर, हा कारखान्यातला आवाज आहे.’’ मग त्याने टोनी आयोमीची हकिगत सांगितली. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा हा कामगार पोरगा. 1965 साली पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, त्याच बोटांनी गिटारच्या तारा दाबायचा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून जड, खर्जातला आवाज निघाला. 1970 साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी आली. जगाने ज्याला हेवी मेटल म्हटले, त्याच्या मुळाशी कामगाराचा तुटका हात आहे.

‘‘आता आमचं मेटल ऐका,’’ म्हणून तो मला 1 ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, आपल्या वस्तीत घेऊन गेला. सहा पोरे, सहा हलग्या. लोखंडी कडे, त्यावर ताणलेले शेळीचे कातडे. पाचटाच्या जाळावर हलग्या शेकल्या आणि वाजवायला सुरुवात झाली. एक जण ठेका धरून होता, बाकीचे त्याला छेद देत होते. आवाज छातीत शिरत होता. आणि ऐन भरात सगळे एकदम थांबले. कुणी थांबा म्हटले नव्हते. त्या शांततेत मला माझे वडील आठवले. त्यांना कधी स्वतःच्या मनाने थांबता आले नव्हते.

मोठा आवाज म्हणजे विद्रोह, असे मी म्हणत नाही. डीजेच्या भिंतीही कान फोडतात. कधी वाजवायचे, कुणासाठी, किती, हे कोण ठरवतो, हा माझा प्रश्न आहे. ही पोरे मोबदला आधी ठरवतात. धान्य-नारळावर वाजवत नाहीत. जिथे पंगतीत बसवत नाहीत तिथे जात नाहीत. त्यांच्यात उणे नाही असे नाही. शेवटी गर्दीने मागितले म्हणून ते सिनेमाच्या चालीवर घसरले, आणि तिथे त्यांचे वाद्य पुन्हा हुकमाचे ताबेदार झाले. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे.

जुने रूप घ्यायचे आणि त्यातली गुलामी टाकायची, हे आपल्याला नवे नाही. अण्णाभाऊंनी तमाशा घेतला, गौळण टाकली, गणाचा आशय बदलला. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने 2018 च्या जानेवारीत पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यात मयताला वाजते म्हणून हिणवली गेलेली परई गिटारच्या शेजारी मानाने उभी होती. मराठवाड्यातली हलगी मात्र अजून मिरवणुकीपुरतीच आहे.

याचा अनुभव मला लगेच आला. एका साहित्य संमेलनासाठी मी या पोरांचे नाव सुचवले. संयोजकांनी आनंदाने होकार दिला, पण ग्रंथदिंडीच्या पुढे वाजवण्यासाठी. मंचावर वेळ नव्हता. पोरांनी नकार दिला. मला आधी वाईट वाटले. नंतर ध्यानात आले की वडिलांनी हलगी खाली ठेवून जे केले, तेच ही पोरे हलगी हातात ठेवून करत आहेत.

दिवाळीच्या सुमारास यांतले चौघे उचल घेऊन मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला जातील. हातात कोयता येईल, हलगी खुंटीला लागेल. पट्टा पडेपर्यंत हा ताफा नसेल. तेव्हा कार्यकर्त्यांनो, शिक्षकांनो, त्याआधी या. पोरांना बोलावणे धाडू नका, निमंत्रण द्या. आणि मंचावर त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवा.