नंबर लागलेला झोपला असेल तर?

मंडळी, कर्नलमधल्या कुलपांवर बोलताना आपण बहुतेक वेळा वेग मोजतो. आज मी त्यांच्या न्यायाबद्दल बोलणार आहे, कारण व्हर्च्युअल मशीनवर हा न्यायच महागात पडतो.

कर्नलमधली एखादी यादी एका वेळी एकाच प्रोसेसरने बदलावी, यासाठी स्पिनलॉक असतो. कुलूप मिळेपर्यंत वाट बघणारा प्रोसेसर झोपत नाही, जागच्या जागी फिरत राहतो. पूर्वी यात धक्काबुक्की चालायची. ज्याच्या हाताला लागेल त्याचं कुलूप. 2008 साली लिनक्सच्या 2.6.25 आवृत्तीत तिकीट लॉक आला. बँकेतल्या टोकनसारखा: आधी आला, त्याचा नंबर आधी. सुधारणा चांगलीच होती.

पण तिच्यात एक गृहीतक आहे. ज्याचा नंबर लागला, तो खिडकीसमोर जागा आहे! व्हर्च्युअल मशीनमधला प्रोसेसर होस्टच्या लेखी एक साधा थ्रेड असतो. होस्ट त्याला कधीही बाजूला बसवतो. कुलूप हातात असतानाच तो बाजूला बसला, तर बाकीचे उगाच फिरत राहतात. तिकीट लॉकमध्ये दुसरी पंचाईत: कुलूप मोकळं आहे, नंबर लागलेला झोपलाय, आणि मागचे जागे असून त्यांना हात लावता येत नाही.

2013 साली 3.12 मध्ये केव्हीएमसाठी यावर उपाय आला. त्यामागे आयबीएमच्या श्रीवत्स वड्डागिरी आणि राघवेंद्र के. टी. यांचं काम होतं. थोडा वेळ फिरूनही कुलूप मिळालं नाही, तर आतला कर्नल होस्टला सांगतो, ‘मी झोपतो, नंबर आला की उठवा.’ 2015 साली 4.2 मध्ये तिकिटाच्या जागी रांगेचा क्यू-स्पिनलॉक आला, तरी ही सोय राहिली.

आता माझा आक्षेप. ‘बूट करताना नोपीव्हीस्पिन लावा, वेग वाढेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कोअर राखीव असतील तर तो बरोबर आहे. उठवण्याची प्रत्येक हाक होस्टपर्यंत जाते आणि तिला वेळ लागतो. पण एकाच कोअरवर अनेक मशीन बसवली असतील, तर याच एका शब्दाने जुनं दुखणं परत येतं. म्हणजे हे वेगाचं बटण नाहीच. ते होस्टबद्दलचं विधान आहे, आणि ते करतोय कोण? ज्याला होस्ट दिसत नाही तो!

केव्हीएममधली ‘हिंट-डेडिकेटेड’ ही सोय मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटते. तिथे कोअर राखीव आहेत हे होस्ट स्वतः सांगतो, आणि आतला कर्नल ती झोपण्या-उठवण्याची सोय आपणहून सोडतो. जो जाणतो, तोच बोलतो.

आपल्या उलव्यापासून ऐरोली, महापे, पनवेलची डेटा सेंटरं काही लांब नाहीत. पण तिथलं मशीन भाड्याने घेणाऱ्याला आतलं काय दिसतं? टॉप कमांडमधला ‘एसटी’ हा आकडा. एसटी म्हणजे लालपरी नव्हे. आपला प्रोसेसर तयार असताना होस्टने दुसऱ्याला दिलेला वेळ. ऐन गर्दीच्या वेळी तो चढत असेल, तर नोपीव्हीस्पिनच्या वाटेला जाऊ नका.

आणि भाडं ठरवतानाच विचारा: कोअर राखीव आहेत, की वाटून दिलेल्या? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुलपाला हात लावण्यात अर्थ नाही.